दारावरचं 'नाळे बा'

ज्या वर्षी मी व्यायामाला मास्तर ठेवला, त्या वर्षी आमच्या दारात पहाटे कुणीतरी यायचं आणि दार न वाजवता परत जायचं.

मी बाहेरच्या खोलीत झोपायचो. घोरतो म्हणून बायकोने मला तिकडे धाडलं होतं. मुलीला घेऊन ती आत, मधल्या खोलीत वैनी, आणि रस्त्याकडच्या खोलीत दाराकडे पाय करून मी. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात शहाबादी फरशी होती, त्यामुळे कुत्रं चाललं तरी घरात कळायचं. उजाडायच्या बरंच आधी बोळाच्या तोंडाशी पावलं वाजायची. जड, सावकाश. आमच्या पायरीशी येऊन थांबायची. मग दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत यायची, वरून खाली फिरायची आणि विझायची. थोडा वेळ काहीच नाही. मग एक सुस्कारा, आणि पावलं आली तशी निघून जायची.

मी डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहायचो. मी तसा भिणारा माणूस नव्हे. पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं माझं दुकान. उन्हाळ्यात मोटार जळालेले शेतकरी हातकणंगल्यापासून बिद्रीपर्यंतचे येतात आणि सगळ्यांना आपलीच मोटार आधी हवी असते. दिवसभर भांडून संध्याकाळी भूक लागते मला. पण त्या दाराची गोष्ट वेगळी होती. त्याच उंबऱ्यावर माझा थोरला भाऊ, आमचे अण्णा, एका पहाटे पडले होते ते उठले नाहीत.

तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. आमचे वडीलही त्याच वयाच्या आसपास गेले, दुकानाची फळी लावता लावता. दोघांचंही हृदय बंद पडलं. आता मी चाळिशीत शिरलो होतो. डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, काट्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुमच्या भावाला कितव्या वर्षी झालं म्हणाला?" मी सांगितलं. ते गोळ्या लिहायला लागले. वजन उतरवा, रोज चाला, नाहीतर माझ्याकडे येऊ नका, असं दारापर्यंत येऊन म्हणाले.

मुलगी सहा वर्षांची होती. अण्णा गेले त्याच रात्री तिचा जन्म झाला, निपाणीला, बायकोच्या माहेरी. मी तिकडे होतो. इकडून फोन आला तेव्हा मी पेढे आणायला निघालो होतो. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला घरात गोड होतं आणि वैनी त्या दिवशी जेवत नाहीत. त्यांना मूलबाळ नाही. माझी मुलगी त्यांच्याच कडेवर वाढली.

आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, विभूती लावून मातीत बसवतात. मठातले स्वामी सांगायचे की आपल्या धर्मात भुताखेतांना जागा नाही. ते खरंच असेल. पण बसवलेल्या माणसाला उठायला कितीसा वेळ लागतो, हा विचार पहाटेच्या अंधारात एकदा डोक्यात आला की कुठलाही स्वामी तो काढू शकत नाही.

तर व्यायाम. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो, उद्यापासून. आज दुकानात माल येणार आहे, उद्यापासून. आज मुलीच्या शाळेत कार्यक्रम आहे, उद्यापासून. अण्णाही असेच होते. त्यांनी चालायचे पांढरे बूट आणून ठेवले होते आणि ते गेले तेव्हा बुटांच्या आतला कागदाचा बोळा अजून तसाच होता.

शेवटी बायकोने परस्पर माणूस ठरवला. ती शाळेत शिकवायची, तिथल्या कुणीतरी सांगितलं होतं. बिद्रीकडच्या एका गावचा, पन्नाशीचा पैलवान. कुस्ती सुटल्यावर राजारामपुरीतल्या एका नव्या जिममध्ये लागला होता, आणि पहाटे लोकांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचा. स्वतःला तो 'पर्सनल' म्हणवायचा, पुढचा शब्द त्याने कधी उच्चारला नाही. "मी तीन डॉक्टरांचा पर्सनल हाय." सगळे त्याला वस्ताद म्हणायचे. बोळातल्यांना कळलं तेव्हा लोकांनी माझी पार लाज काढली. पावलोपावली तालीम असलेल्या या गावात व्यायामाला मास्तर घरी बोलवायचा, म्हणजे पंचगंगेकाठी राहून पाण्याचा टँकर मागवण्यासारखं होतं.

वस्ताद एकदा दुकानात येऊन मला बघून गेला. मला गोल फिरवलं, पोटाला बोट लावलं. "पावणं, लई न्हाय करायचं. रोज करायचं. सोमवारी पाचाला येतो." त्याचा आवाज असा की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. सोमवारी तो आलाच नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी माझी गत. बायकोने विचारलं की मी म्हणायचो, "मी काय करू? तुझा पैलवानच आळशी." आणि पुन्हा पांघरूण ओढायचो.

फक्त ती पावलं. ती नेमकी त्याच सोमवारपासून यायला लागली होती. तुम्ही म्हणाल, एवढं कळू नये? खरंच कळलं नाही. एवढ्या मोठ्या गळ्याचा माणूस दाराशी येईल आणि गप परत जाईल, हे डोक्यात येण्यासारखंच नव्हतं. डोक्यात दुसरंच यायचं. कुणाला सांगितलंही नाही, कारण सांगायचं तर वैनींच्या कानावर गेलं असतं.

एके सकाळी दुकान उघडायच्या आधी चहाच्या गाड्यावर वस्ताद समोरच भेटला. बशीत चहा ओतून पीत होता. मी उखडलो. "काय वस्ताद, सोमवारी येतो म्हणाला. कुठला सोमवार ते सांगितलं न्हाईसा."

त्याने बशी खाली ठेवली. "म्हंजी? रोज येतोय की ओ मी! न चुकता येतोय."

"कुठं?"

"तुमच्या दारात. आता तुमीच दारावर लिवून ठेवलाईसा, उद्या या. पयल्या दिवशी म्हटलं, आसंल कायतरी अडचण. दुसऱ्या दिवशी पुन्ना तेच. बॅटरी मारून वाचतोय, सुस्कारा सोडतोय, जातोय. पावणं, नगं आसंल तर तोंडानं सांगा की. रोज उठून दारावर काय लिवता?"

दारावर काय लिहिलंय? कुणी?

"नाळे बा," तो म्हणाला. "कानडीत हाय. मामाच्यात शिकलोय मी चौथीपतोर, पलीकडं. वाचता येतंय मला."

कानडी आमच्या घरात बोलली जाते, पण मला तिचं अक्षर वाचता येत नाही. आणि खरं म्हणजे मी ते कधी बघितलंच नव्हतं. रात्री शेवटी दार लावायच्या त्या वैनी, पहाटे सडा घालायला पहिल्यांदा दार उघडायच्या त्या वैनी. मी उठून बाहेर येईपर्यंत दारावर फक्त एक पांढरा फराटा उरलेला असायचा. सहा वर्षं मी तो बघत होतो आणि समजत होतो, रांगोळीचा हात पुसला असेल.

मी तसाच घरी गेलो. वैनी भाकरी थापत होत्या. त्या चिकोडीकडच्या, बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. मी विचारलं, "वैनी, दारावर काय लिवता तुम्ही?"

त्यांचा हात थांबला नाही. "कोण म्हटला?"

"व्यायामाचा वस्ताद. रोज येतो, वाचतो आणि जातो म्हणाला."

तेव्हा मात्र हात थांबला. भाकरी परातीतच राहिली. "वाचून गेला?" त्या म्हणाल्या. "तम्मा, वाचून परत कोण जातंय ठावं हाय का तुला?"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. घरात मला ते दोघंच तसं म्हणायचे, अण्णा आणि त्या. अण्णांनंतर त्या एकट्याच.

मग त्यांनी सांगितलं. अण्णा गेले त्या सुमारास त्यांच्या माहेरी एक बोलवा उठली होती. रात्रीची एक बाई दारोदार फिरते आणि घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते. जो ओ देतो आणि दार उघडतो तो मरतो. म्हणून लोकांनी दारावर लिहायला सुरुवात केली, नाळे बा, उद्या ये. ती येते, वाचते, परत जाते. दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा तेच वाचते. कानडीतच लिहायला लागतं, कारण ती तिकडची, तिला मराठी वाचता येत नाही. हे वैनी इतकं सरळ सांगत होत्या की मला हसूही येईना.

"अण्णा गेले त्या पहाटे कुणीतरी हाक मारली हुती," त्या म्हणाल्या. "अण्णा, म्हणून. हे उठले, ओ म्हटले, कडी काढली. बाहेर कुणीच नव्हतं. मग पडले."

सगळी पेठच त्यांना अण्णा म्हणायची, दूधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत. हाक कुणाचीही असू शकते, मी म्हटलं. वैनी माझ्याकडे बघत राहिल्या, जरा जास्तच वेळ. मग भाकरी उचलून तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी वस्तादाला भर दुपारी घरी बोलावलं. वैनींची अट होती. तो आत आला तशी त्या म्हणाल्या, "बूट काढा. मोजेबी." त्याला वाटलं, घर सोवळ्यातलं आहे. त्याने काढले. वैनी वाकून त्याच्या पावलांकडे बघायला लागल्या. भुताची पावलं उलटी असतात, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्याचं डावं पाऊल थोडं आत वळलेलं होतं. वैनींचा चेहरा ताठरला.

"कुस्तीत मोडला हुता," तो घाईने म्हणाला. "वाकडा हाय जरा."

"वाकडा चालंल," वैनी म्हणाल्या. "उलटा नको." आणि चहा टाकायला आत गेल्या.

तोडगा असा निघाला की पुढचं दार त्याने विसरायचं. मागच्या बाजूने परड्यातून यायचं. हाक मारायची नाही, कुणाचंही नाव घ्यायचं नाही, नळाखालची पत्र्याची बादली वाजवायची. ती बादली वस्तादाने अशी वाजवायला सुरुवात केली की अर्धा बोळ उठायचा. लोकांची कुरकुर पुढे थांबली, कारण दोघा-तिघांनी तिच्यावर आपलं घड्याळच लावून घेतलं.

आणि मग सुरू झालं. मला वाटलं होतं, जोर-बैठकांनी मरणार. पण पहिल्या आठवड्यात त्याने मला फक्त बूट घालायला लावले आणि बोळाच्या टोकापर्यंत नेऊन परत आणलं. मी म्हटलं, एवढंच? तो म्हणाला, "एवढंच. उद्या पुन्ना एवढंच." मला चेव यायचा, आज रंकाळ्यापर्यंत जाऊ म्हणायचो, तर तो दंडाला धरून मागे फिरवायचा. त्याचा एकच नियम होता. जेवताना भूक ठेवून उठतात तसं व्यायामातूनही उठायचं, अजून करावंसं वाटत असताना. "पोटभर केला की दुसऱ्या दिशी त्याच्याकडं बघू वाटत न्हाय. हुग्गीसारखं हाय त्ये." गव्हाची हुग्गी आणि वर तुपाची धार हे वैनींचं शस्त्र होतं, आणि ते त्याला लवकरच कळलं होतं.

तो मला शेवटपर्यंत पावणं म्हणत राहिला. इतक्या ओळखीनंतरही हे काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "वळख वाढली की माणूस दया कराय लागतो. पावण्याला कसं, परत धाडता येतंय." म्हणजे काय ते मला नीटसं कळलं नाही, पण चिडायला बरं वाटायचं.

पायाखाली रस्ता हळूहळू वाढत गेला. बोळाचं टोक, मग मिरजकर तिकटी, मग रंकाळ्याचा कट्टा. दुकानात बसून राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्याने दिवसाच्या कामातच व्यायाम लपवून दिला. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून उठाबशा. माळ्यावरचा माल पोऱ्याने नाही, मी काढायचा. मुलीला शाळेत स्कूटरवर नाही, चालत न्यायचं. तिला तर खेळच झाला. ती पुढे पळायची आणि वस्तादाची नक्कल करून ओरडायची, "पावणं, पाय उचला की!"

सकाळी परत येताना मी पुढच्या दाराने यायचो. वैनी तोवर सडा घालून ओल्या फडक्याने अक्षरं पुसत असायच्या. त्या मला आधी पायांपासून डोक्यापर्यंत बघायच्या आणि मगच बाजूला व्हायच्या. रोज. बघण्यात माया होती, पण आणखीही काहीतरी होतं. मी तोच आहे ना, याची खात्री करून घेतल्यासारखं. मला ते टोचायचं. एकदा तर मी ओरडलोच, "काय बघता? उलटे न्हाईत पाय." त्या फडकं पिळायला लागल्या.

बेचाळिसावं लागलं. डॉक्टर खूश होते, पट्टा फुगवून काट्याकडे बघताना आता त्यांचा चेहरा बदलत नव्हता. पण घरात सगळेच त्या वर्षाभोवती बोटांवर चालत होते. बायको रात्रीतून उठून माझं घोरणं ऐकून जायची. चालू असलं की परत झोपायची. ज्या घोरण्यापायी मला बाहेर काढलं होतं तेच आता तिला ऐकायला हवं होतं. आणि मी स्वतः? मला सारखा मुलीचा पुढचा वाढदिवस दिसायचा, घरात गोड, आणि जेवत नसलेल्या दोघी बायका.

त्या हिवाळ्यात वस्ताद आपल्या गावच्या जत्रेला गेला. जाताना म्हणाला, "बादली वाजणार न्हाय. तरी उठायचं. माझ्यासाठी उठत असला तर दोन वर्सं मातीत गेली म्हणायची."

पहिल्याच पहाटे मला जाग आली. बादली नव्हती, तरी आली. थंडी जबर होती. साखर कारखान्यांच्या हंगामातला तो गोडसर, करपट वास हवेत होता. आज राहू दे, असं मनात येत होतंच. एवढ्यात दारापलीकडून आवाज आला.

"तम्मा."

पावलं वाजली नव्हती. आमच्या बोळात कुत्रं चाललं तरी कळतं, आणि काहीही वाजलं नव्हतं. फटीत उजेड नव्हता. मला वाटलं वैनी परसातून फिरून पुढे आल्या. पण तो बाईचा आवाज नव्हता.

"ए तम्मा. दार काढ की."

हातात ओझं असलं की अण्णा असेच हाक मारायचे. घाई नाही, थोडा दम लागलेला, दोन्ही हात अडकलेत म्हणून दार ढकलता येत नाही, असा. किती वेळा मी त्या हाकेला धावत जाऊन दार उघडलंय. आणि खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला भीती वाटली नाही. आनंद झाला. अण्णा आले, असंच वाटलं. मी उठून बसलो, ओ म्हणायला तोंड उघडलं, एक पाय फरशीवर टेकला. फरशीच्या गारठ्याने शुद्धीवर आलो. मग छातीत जे सुरू झालं ते कानात ऐकू यायला लागलं. दोन वर्षांपूर्वीचा मी असतो तर तिथेच आटोपलं असतं, यात मला आजही शंका नाही.

मधल्या दारात वैनी उभ्या होत्या. कधी उठल्या कळलं नाही. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं होतं आणि मान हलवत होत्या, नको, नको. आम्ही दोघं तसेच थांबलो. दाराबाहेर कुणीतरी श्वास घेत होतं. मग तेही थांबलं. जाताना पावलं वाजली नाहीत. दूधवाल्याच्या सायकलची घंटा वाजली तेव्हाच वैनींनी भिंतीला पाठ टेकली.

"लिवलंय मी," त्या म्हणाल्या. "गेलं वाचून." मग विचारलं, "कुणाचा हुता?"

"तुम्ही ऐकला न्हाई?"

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

"अण्णांचा," मी म्हटलं.

त्या खाली बसल्या. पदर तोंडाशी धरला. मग माझ्याकडे न बघता बोलल्या.

"त्या दिवशी तुझा हुता."

मला समजलं नाही.

"अण्णा म्हणून हाक आली ती. आवाज तुझा हुता, तम्मा. तू निपाणीला हुतास, मला ठावं हुतं. तरी माझ्या टाळक्यात शिरलं न्हाई. ते झोपेत हुते. मीच उठवलं त्यांना. म्हटलं, उठा की, तम्मा आला. पोरगी झाली का पोरगा, सांगाय आला आसंल. ते हसतच गेले दार काढाय."

सात-आठ वर्षं हे त्या बाईने एकटीने पोटात ठेवलं होतं. मला कळू नये म्हणून. रोज सकाळी मी दारात आलो की ती मला पायांपासून वर का बघते, ते मला तेव्हा समजलं, आणि मी तिच्यावर ओरडलो होतो तेही आठवलं. मला राग आला, रडू आलं, दोन्ही एकदम. माझ्या आवाजाने माझा भाऊ दाराशी गेला. मी काही केलं नव्हतं आणि तरी माझं तोंड मला नकोसं झालं. वैनींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या बोटांना रात्रीचा खडू अजून होता.

"जा आता," त्या म्हणाल्या. "फिरून ये."

"आज नको वैनी," मी म्हटलं. "उद्या..."

शब्द तोंडातून निघाला आणि आम्ही दोघांनीही तो ऐकला.

"'उद्या' हे त्याला सांगायचं," वैनी दाराकडे बोट करून म्हणाल्या. "आपुन न्हाई म्हणायचं."

मी बूट घातले. मागच्या दाराने निघालो. आयुष्यात पहिल्यांदा एकटा. प्रत्येक कोपऱ्यावर मान मागे वळायला बघत होती आणि मी ती वळू देत नव्हतो. रंकाळ्यावर धुकं होतं, पलीकडचा काठ नव्हताच. चालणारी माणसं समोरून धुक्यातून बाहेर यायची, आधी पाय, मग बाकीचं, आणि मी प्रत्येकाच्या पायांकडे बघत होतो. पूर्ण चाललो. अजून चालावंसं वाटत असताना परत फिरलो. घरी आलो तेव्हा वैनी दार पुसत होत्या. त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं, आणि या वेळी मी नीट उभा राहिलो, पाहिजे तितका वेळ बघू दिलं.

वस्ताद जत्रेहून परत आला तेव्हा मी त्याला एवढंच सांगितलं की रोज गेलो. तो म्हणाला, "मग आता मला कशाला बोलीवता?" हळूहळू त्याने यायचं कमी केलं. पुढे काही वर्षांनी जिम सोडून गावी म्हशी घेऊन बसला. बादली अजून आमच्याकडे आहे. तिच्या बुडाला पोचा आलाय आणि पाणी राहत नाही.

अण्णांचं वय मी ओलांडलं त्या दिवशी घरात हुग्गी झाली. मुलीच्या वाढदिवशी वैनी जेवायला लागल्या. त्यांचं लिहिणं मात्र थांबलं नाही. वय ओलांडलं म्हणून ते यायचं थांबतं, असं थोडंच आहे? खडू पुसला जातो, रोज लिहावं लागतं. मलाही रोजच चालावं लागतं, कालचं चालणं आज उपयोगी पडत नाही. मोटारीच्या दुकानदाराला एवढी अक्कल यायला इतकी वर्षं लागली.

वैनी गेल्या त्या भर दुपारी, आपल्या खाटेवर, झोपेत. बायको शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, झोपेतच त्यांनी हळू ओ दिली आणि हसल्या. बोळात कुणी नव्हतं. दुपारी दारावर काही लिहिलेलं नसतं. हाक कुणाची होती ते मला विचारावं लागलं नाही.

त्या रात्रीपासून मी लिहितो. कानडीतली तेवढीच अक्षरं मला येतात. मुलगी आता मोठी आहे, पहाटे माझ्याबरोबर येते, माझ्यापुढे जाते. सायन्सला आहे, त्यामुळे आधी खूप हसली. परवा मी खडू घेऊन दारापाशी उभा होतो तेव्हा तिला म्हणालो, "मी गेल्यावर कधी बाहेरून माझा आवाज आला, मी तुझ्या नावाने हाक मारली, तर दार काढायचं नाही. ओ द्यायची नाही. कितीही वाटलं तरी."

तिने दारावरच्या अर्ध्या अक्षरांकडे बघितलं. मग म्हणाली, "आणि पप्पा, खरोखर तुम्हीच असला तर?"

मी शेवटचं अक्षर पुरं केलं.

"मी असलो तर उद्या येईन की," मी म्हटलं.

ती हसली नाही. मी आत आल्यावर तिने स्वतः कडी लावली आणि ओढून बघितली.